खुंट्यांच्या भागातला तंबू

१९ जुलै

पाच महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही. माफी कुणाची मागायची ते कळत नाही, कारण वही माझी आणि वाचणाराही मीच, तरी मागतो. काम फार होतं असं कारण देता आलं असतं, पण ते पुरतं खरं नाही. घर बांधायला काढल्यापासून रोज संध्याकाळी मला स्वतःचा थोडा राग यायचा, आणि तो कागदावर ठेवण्याइतका स्पष्ट नव्हता.

तर नोंद: घरावर छत चढलं. दोन खोल्या, पुढे पडवी, चारी बाजूंनी मातीच्या विटांची भिंत, लोखंडी दार. भूखंड क्रमांक चौसष्ट. नगरपालिकेच्या नकाशात या भागाला 'तिसरी वसाहत' म्हणतात. गावात सगळे 'खुंट्या' म्हणतात, कारण सहा वर्षं इथे आकडे रंगवलेल्या खुंट्यांशिवाय काही नव्हतं. त्यातल्या निम्म्या मी स्वतः दोरी धरून ठोकून घेतल्या आहेत. भूखंडांची नोंदवही माझ्या टेबलावर असते. म्हणून माझा भूखंड चिठ्ठी काढूनच मिळाला, आणि चिठ्ठी मुख्याध्यापकांनी काढली, मी नाही, हे लिहून ठेवतो. तो कोपऱ्याचा निघाला याला माझा इलाज नव्हता. निघाल्यावर मला आनंद झाला. तेही लिहून ठेवतो.

तामुमिन आणि आमची मुलगी रकिया दरवर्षीप्रमाणे शेळ्या घेऊन सासूबाईंच्या तळावर गेल्यात. खाऱ्या कुरणांवरून जनावरं परतली की येतील, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी.

२१ जुलै

जायच्या आदल्या दिवशी तामुमिन घर बघायला आली होती, ते लिहायचं राहिलं. ती भिंतीच्या कडेकडेनं एक पूर्ण फेरी चालली. मग म्हणाली, "वारा कुठून येतो?"

मी खिडक्या दाखवल्या.

"आणि माझा तंबू?"

"आता खोल्या आहेत ना."

"खोल्या कुणाच्या?"

"आपल्या," मी म्हणालो.

तिनं पाणी प्यायलं, भांडं उपडं ठेवलं आणि निघाली. काही हरकत घेतली नाही. मला बरं वाटलं.

३० जुलै

चुलतभावानं पुन्हा निरोप धाडला. जुन्या भागात त्याच्या आवारात तामुमिनचा तंबू एकोणीस वर्षं उभा आहे. आता त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि त्याला जागा मोकळी हवी आहे. त्याची अडचण खरी आहे. आम्ही घर बांधलेलं असताना त्याची जागा अडवून ठेवणं न्यायाचं नाही.

एक विचार सुचला. खोल्या आहेत म्हणून तंबू नको, असं मी म्हणालो होतो. ते जरा तोडून बोलणं झालं. तंबूच इकडे आणून आवारात उभा केला तर? ती परत येईल तेव्हा तिला सगळं तयार दिसेल.

२ ऑगस्ट

तंबू हलवला. सबंध दिवस गेला.

काम नीट व्हावं म्हणून आधी प्रत्येक भागावर खडूनं आकडा घातला: बाभळीच्या मुळांच्या कमानी १ ते ७, खांब ८ ते १३, चटया अ पासून ओ पर्यंत. कागदावर आकृतीही काढली. गवंडी इलियासू आणि त्याचा भाऊ मदतीला होते. इलियासू दक्षिणेकडच्या हौसा जमातीचा आहे, त्याला आमच्याकडच्या गोष्टींशी देणंघेणं नाही, तरी पहिली चटई सोडताना तो थांबला.

"मालक, हे काम तुमच्यात बायका करतात ना?"

"बायका तळावर आहेत."

"मग येऊ द्या त्यांना."

"जागा आज मोकळी करायची आहे."

"तुम्ही सांगता तर करतो," तो म्हणाला, "पण सांगितलं तुम्ही."

आवारातल्या म्हाताऱ्या दारात उभ्या राहून बघत होत्या. चुलतभावाची आई डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून आत गेली. एरवी ती माझ्या प्रत्येक कामात दोष काढते, त्यामुळे आज चूक सापडली नसावी.

नव्या आवारात उभारताना आकडे जुळत असूनही तंबू डावीकडे कलला. दार मी लोखंडी दाराकडे केलंय, पूर्वेला, येणाऱ्याला सोयीचं. तिचं दार नेहमी पश्चिमेला असे.

५ ऑगस्ट

या भागातल्या लोकांबद्दल माझं मत बदललं. रस्ते सरळ आणि रुंद आखल्यामुळे इथे वारा मोकाट सुटतो, प्रत्येक दारापुढे वाळूचा ढीग असतो, भिंतींमुळे शेजाऱ्याचा धूरही दिसत नाही. त्यामुळे इथे कुणी कुणाचं नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. पण तीन दिवसांत तीन घरांतून बाजरीची लापशी आली. इमामसाहेब स्वतः येऊन पडवीत बसले आणि उठताना म्हणाले, "अल्ला धीर देवो." नव्या जागी राहायला आलेल्या माणसाची इतकी विचारपूस जुन्या भागातही होत नाही.

१२ ऑगस्ट

चहाच्या दुसऱ्या पेल्याला कचेरीतल्या सादूनं विचारलं, "एकट्यानं जेवतोस?"

म्हटलं, हो, सध्या.

"माझ्या बहिणीची नणंद आहे. घाई नाही. पण मनात असू दे."

मी विषय बदलला. सादू चांगला टंकलेखक आहे, पण त्याची थट्टा मला कधीच कळत नाही.

१८ ऑगस्ट

हादो आली होती. ती सासूबाईंच्या घराण्याची लोहारीण. तामुमिनच्या लग्नाची बोलणी तिनंच केली, तामुमिनच्या वेण्या तीच घालते. आमच्याकडे लोहारांना कुणाची भीड नसते, आणि हादोला लोहारांतही कमी. दारातूनच तिनं हाक मारली.

"कागदवाल्या! आहेस का जिवंत?"

आत येऊन ती तंबूसमोर उभी राहिली. मान कलती करून बघितलं, दुसऱ्या बाजूनं कलती केली.

"हे कुणी उभं केलं? उंटानं?"

"मी."

"वाटलंच. उंटानं जरा बरं केलं असतं." मग ती खाली बसली. "मी तळावरनं आलेय. तामुमिनच्या आईनं पाठवलंय. विचारायला सांगितलंय की तू तिला सोडलंस ते कोणत्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या लग्नाआधी थांबायचे महिने मोजता येतील."

मी म्हणालो, मी कुणाला सोडलेलं नाही, तंबू हलवला.

"बायको घरी नसताना नवऱ्यानं तिचा तंबू उतरवला. गवंडी लावून. अख्ख्या गावादेखत. आणि तू म्हणतोस, हलवला."

"जागा मोकळी करायची होती."

"मग निरोप धाडायचास. तळ काय चंद्रावर आहे?"

ती गेल्यावर मी पडवीत बसून भांडी मोजली. लापशीची तीन भांडी अजून परत करायची राहिलीत.

१९ ऑगस्ट

मला हे ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. ठाऊक होतं, जशी शाळेत शिकलेली परदेशातली नदी ठाऊक असते. तंबू बायकोचा असतो, लग्नात तिच्या आईकडच्या बायका तो उभा करतात, मुक्काम हलला तर तीच तो उतरवते, आणि दुसऱ्या कुणी उतरवला तर तो दोनच कारणांनी. मी राजधानीत, नियामेच्या कॉलेजात यावर एकदा निबंधही लिहिला होता. त्याला चांगले गुण मिळाले होते.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. तिचा तंबू उतरवताना मी तिथे असणार. आठवत नाही.

२५ ऑगस्ट

तळावर जाऊन आलो. विहिरीपर्यंत ट्रकनं, पुढे अर्धा दिवस पायी. हादो गाढवावर बसली होती आणि वाटभर माझ्या चालण्याला नावं ठेवत होती.

सासूबाईंसमोर मी एकोणीस वर्षांत एक घास खाल्लेला नाही की तोंड उघडं ठेवलेलं नाही. पागोट्याचा पदर नाकापर्यंत ओढून खाली बघत बसलो. त्याही माझ्याशी बोलत नाहीत. हादो मधे बसली.

"हादो," सासूबाई म्हणाल्या, "त्याला विचार, माझी मुलगी मेली का?"

सासूबाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या. हादोनं वळून मला विचारलं, "तुझी बायको मेली का?"

"नाही," मी म्हणालो.

"तो म्हणतो, नाही."

"मग सोडली का?"

"सोडली का?"

"नाही."

"नाही म्हणतो."

"मग त्याला विचार," सासूबाई म्हणाल्या, "त्यानं कोणत्या बाईचा तंबू उतरवला?"

हादोनं याचं उत्तर बनवून दिलं नाही. एरवी ती बनवते.

तामुमिन शेळ्यांजवळ भेटली. मला वाटलं होतं ती रागावेल. ती एका करडाच्या पायातला काटा काढत होती. तो निघाल्यावर तिनं मान वर केली. रकिया जवळच होती. "आबा, खडूनं आकडे घातलेस?" तिनं विचारलं आणि हसू आवरायला पाठ फिरवली.

मी माफी मागितली. तामुमिन म्हणाली, "राग राहू दे. मी आता कुठे राहते, ते मला कळायला हवं."

मी मोठी खोली देऊ केली. सिमेंटची जमीन, दोन खिडक्या, आतून कडी.

"त्या खोलीतून तू मला बाहेर काढू शकतोस?"

"मी का काढीन?"

"काढशील का, असं नाही विचारलं. काढू शकतोस का?"

मी विचार करून खरं तेच सांगितलं. "कागदानं बघितलं तर, हो."

"माझ्या तंबूतून काढू शकला असतास?"

"नाही."

"आणि मी तुला?"

एकोणीस वर्षांत तिनं दोनदा माझी चामड्याची पिशवी तंबूबाहेर ठेवली होती. दोन्ही वेळा चूक माझी होती, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पिशवी आत गेली.

"तू चांगला माणूस आहेस," ती म्हणाली. "म्हणूनच हे तुझ्या ध्यानात आलं नाही."

या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

४ सप्टेंबर

हादो आज थेट कचेरीत आली. सादूनं तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली.

"तामुमिनला एक भूखंड हवाय. तिच्या नावचा. खुंट्यांत कुठेही."

मी नियम सांगितला: एका कुटुंबाला एक भूखंड, कुटुंबप्रमुखाच्या नावे. आमचा झालेला आहे.

"आणि सोडलेल्या बाईला?"

"तिचं कुटुंब वेगळं धरतात. तिला अर्ज करता येतो."

"म्हणजे तुझ्यापासून सुटली तर तिला जागा मिळते. तुझ्याजवळ राहिली तर मिळत नाही."

"असं सरळ म्हणता येणार नाही."

"मग वाकडं म्हण. नियम केला कुणी?"

"समितीनं."

"समितीत लिहिणारा कोण?"

सादू खिडकीबाहेर बघू लागला.

"ती महिनाअखेरीला गावात येतेय," हादो उठताना म्हणाली. "सोडचिठ्ठी मागायची की नाही, ते आल्यावर ठरवणार आहे. तिला जागा पाहिजे, अघाली. तुझ्यापासून सुटका नकोय तिला. पण तू दोन्ही गोष्टी एकाच दरवाज्यामागे ठेवल्यास."

तिनं मला नावानं हाक मारल्याचं हे पहिलंच.

१० सप्टेंबर

त्या नियमाचा मला अभिमान होता. पहिल्या दोन वसाहतींत आगादेझ शहरातल्या एका व्यापाऱ्यानं सात भूखंड घेतले, एक स्वतःच्या नावे आणि बाकीचे बायका, मेहुण्या, सुना यांच्या नावे. त्या बायकांनी हा गाव पाहिलाही नव्हता. तिसऱ्या वसाहतीच्या वेळी मी हट्ट धरून 'कुटुंबप्रमुखाच्या नावे' हे शब्द घालायला लावले. नियम बरोबर होता. आजही बरोबर वाटतो.

माझ्या बायकोसाठी त्याला भोक पाडलं तर त्या व्यापाऱ्यात आणि माझ्यात फरक काय? नाही पाडलं तर मला नियम राहतो आणि भिंत राहते.

दोन दिवस नियमाचा मसुदा पुन्हा पुन्हा वाचतोय. भाषा माझीच आहे. ती चांगली आहे.

१३ सप्टेंबर

दुपारी वारा होता म्हणून कचेरी लवकर बंद झाली. घरी येऊन आवारात बसलो. तंबू आणखी कललाय. पाचवी कमान निखळली आहे. तिला परत बसवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

नियमात कुटुंबप्रमुख असं लिहिलंय. तो पुरुष असावा असं कुठेही लिहिलेलं नाही. मी लिहिलं नाही कारण लिहायची गरज वाटली नव्हती. एकोणीस वर्षं मी त्या बाईच्या तंबूत राहिलो. पाहुणे तिथे यायचे, तिच्या परवानगीनं बसायचे. मीही. तेव्हा त्या कुटुंबाचा प्रमुख कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी 'मी' म्हणालो असतो, आणि ते तपासून पाहिलं नसतं.

दुसरा भूखंड मागायची गरजच नाही. आहे त्यावरचं नाव बदलायचं.

हे लिहिताना मन हलकं झालं, म्हणून संशय येतोय. उद्या पुन्हा वाचून बघतो.

१४ सप्टेंबर

वाचलं. हलकं वाटत नाही. तरी बरोबर वाटतं.

१६ सप्टेंबर

नगराध्यक्षांकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"चौसष्ट तामुमिनच्या नावे? घर बांधलं तू आणि कुटुंबप्रमुख ती?"

"हो."

"मग तू कोण?"

"तिच्या कुटुंबातला माणूस."

ते इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "अघाली, तू त्या व्यापाऱ्याला या खुर्चीसमोर उभं करून झाडलं होतंस. आता लोक काय म्हणतील?"

"म्हणतील. म्हणून फलकावर लावा. पंधरा दिवस हरकती मागवा. नोंद मी करणार नाही, सादू करील. आणि माझ्या नावे पुन्हा कधी भूखंड निघू नये असं खाली लिहा."

"आणि उद्या तिनं तुला हाकललं तर?"

"तर तिला तो अधिकार आहे."

"ते मी विचारलंच नाही. तू राहशील कुठे?"

याचा विचार मी केला नव्हता. तसं सांगितलं. त्यांनी सही केली आणि पंधराचे दहा दिवस केले, "कारण पंधरा दिवस लोक एवढं हसले तर गावात कामं होणार नाहीत."

२० सप्टेंबर

फलकासमोर रोज पाच-दहा माणसं असतात. कुणीतरी माझ्या नावाखाली शिंगं नसलेला बोकड काढलाय. चांगला काढलाय.

व्यापाऱ्याचा माणूस भेटला. मालकानं सलाम सांगितलाय म्हणाला, आणि निरोप दिला: "शेवटी वाट एकच, साहेब." मी त्याला फरक समजावायला लागलो. तो अदबीनं ऐकत राहिला. मधेच माझ्या ध्यानात आलं की फरक कागदावर दिसत नाही. ती स्त्री तिथे राहते की नाही, एवढ्यातच तो आहे. आणि ती राहील की नाही, ते मला ठाऊक नाही.

२७ सप्टेंबर

एकही लेखी हरकत आली नाही.

तामुमिन काल परत आली. जुन्या भागात मावशीकडे उतरलीय. आज हादोबरोबर कचेरीत आली. मी उठून दुसऱ्या खोलीत जाणार होतो, कारण प्रकरण माझं होतं, ती म्हणाली, "बस." बसलो.

सादूनं नोंदवही पुढे केली आणि शाईची डबी उघडली, अंगठ्यासाठी. तामुमिननं डबी बंद केली आणि लेखणी मागितली. मग आपल्या लिपीत, खालून वर, चार अक्षरं काढली. तळावर रकियाला ती वाळूत हीच अक्षरं शिकवते. नोंदवहीत मात्र ती पहिल्यांदाच आली.

"हे चालतं का?" सादूनं मला विचारलं.

"मला विचारू नकोस," मी म्हणालो.

सादूनं थोडा विचार केला आणि शिक्का मारला.

बाहेर सावलीत ती थांबली. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल. तिनं कागदाची घडी चार वेळा घातली आणि गळ्यातल्या चामडी बटव्यात ठेवली.

"तू हे सोडचिठ्ठीच्या भीतीनं केलंस?" तिनं विचारलं.

"सुरुवात तिथून झाली असावी," मी म्हणालो. "नंतरचं सांगता येत नाही."

"हं," ती म्हणाली.

हादो म्हणाली, "एवढं खरं बोलणारा नवरा मला असता तर मी विष घेतलं असतं." तामुमिन हसली. तळावर ती हसली नव्हती.

२८ सप्टेंबर

संध्याकाळी ती घरी आली. घरी म्हणजे चौसष्टवर. तंबूभोवती एक फेरी मारली, निखळलेल्या कमानीवरचा खडूचा पाचाचा आकडा बोटानं पुसला. बाकीचे आकडे तसेच राहू दिले.

"उद्या आई येतेय," ती म्हणाली. "आई, मावशी, हादो, रकिया. हा उतरवू आणि उभा करू."

"मी कमानी देऊ हातात? क्रम माझ्याकडे लिहिलेला आहे."

"तुझा क्रम दिसतोय समोर."

"मग मी काय करू?"

"आई असेल. तू कुठेतरी जा."

"खोल्यांचं काय करायचं?"

तिनं दोन्ही खोल्यांत डोकावून पाहिलं. "एकीत धान्य ठेवता येईल," ती म्हणाली. दुसरीबद्दल बोलली नाही.

ती जाताना मी दारापर्यंत गेलो. तंबूचं दार कोणत्या बाजूला होईल ते विचारलं नाही. काम झाल्यावर मी आत यायचं की नाही, हेही विचारलं नाही. शब्द तोंडाशी आले होते. पण आता ते विचारणं म्हणजे तिला वेळेआधी ठरवायला लावणं, असं काहीसं वाटलं. कदाचित हे निव्वळ भित्रेपण असेल. दोन्हींतलं कोणतं, ते आज ठरत नाही.

उद्या: पहाटेच्या नमाजानंतर बाहेर पडायचं आणि बोलावणं आल्याशिवाय परतायचं नाही.